खुशालीची वही

४ जून

प्रिय मावशी,

दुखणं मोजायचं कशानं? आठवडाभर हा प्रश्न घेऊन बसले आहे आणि मला उत्तर येत नाही. आमच्या ऑफिसात अपघात झालेलं माणूस आलं की त्याच्यासमोर एक छापील कागद ठेवायचं काम माझं. त्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे असतात. "किती दुखतं त्या आकड्यावर खूण करा," असं मी म्हणते. काल एक गवंडी आला होता, पाठीला मार लागलेला. कागदाकडे बघून म्हणाला, "ताई, दहा म्हणजे मेलेला माणूस का? मग मी नऊ." पाच वर्षं कायदा शिकलेली मी, नऊवर खूण करून दिली.

तुझ्याही कागदावर हाच रकाना आहे. तू दवाखान्यातल्या नर्सकडून बाकी सगळं भरून घेतलंस. नऊ एप्रिलला पार्सलची गाडी मागे येताना तुला तुमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या कोपऱ्यावर कशी धडकली, उजवं मनगट आणि गुडघा कसा गेला, सगळं. आकड्यांच्या जागी मात्र लिहायला सांगितलंस, "ठीक."

मावशी, 'ठीक' चालणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की मनगटाचं दुसरं ऑपरेशन अपघातापासून सहा महिन्यांच्या आत झालं नाही तर ते असंच आखडलेलं राहील. पुस्तकं शिवायची तुझी सुई कायमची सुटेल. हा खर्च गाडीच्या विमा कंपनीनं द्यायचा आहे आणि तो मिळवायचं काम आता माझ्याकडे आहे! मोठ्या बाईंनी, म्हणजे ज्यांचं हे ऑफिस त्यांनी, तुझी फाइल मला दिली. माझी पहिली फाइल. पाठीवर माझं नाव लिहिलंय. तू माझ्या पदवीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावलास ना, तसं मला ते फाइलीचं कव्हर कुठेतरी लावावंसं वाटलं.

आता नीट वाच. कंपनीच्या माणसाचा फोन येईल. आवाज गोड असेल. तो आधी विचारील, "कशा आहात?" तिथे "बरी आहे" म्हणायचं नाही. आपण ते सवयीनं म्हणतो, तो लिहून घेतो, आणि मग तेच आपल्यासमोर ठेवतात. तू एवढंच म्हण, "माझ्या वकिलांशी बोला." आणि सोबत वही पाठवते आहे. रोज तारीख घालून आज काय जमलं नाही ते लिहायचं. केस बांधता आले नाहीत, बरणीचं झाकण निघालं नाही, काहीही. आमच्याकडे प्रत्येकाला आम्ही ही वही देतो. मोठ्या बाई म्हणतात, डॉक्टरांचा कागद हाड सांगतो, वही दिवस सांगते.

फोन करत नाही. तू फोनवर ओरडतेस, आणि मी काही सांगायच्या आत ठेवून देतेस.

माझी खोली छान आहे. शेजारच्या खोलीत दोघी मुली आहेत. गप्पांत वेळ कसा जातो कळत नाही.

तुझी भाची

१७ जून

लाडके ठमे,

मी खुशाल आहे.

वही मिळाली. शंभर पानं दुखणं लिहायला दिलीस, एवढं दुखणं मी आणू कुठून? आणि वहीची शिलाई कच्ची आहे. एका फर्म्याच्या सोळा पानांना दोनच टाके! कोणी बांधली त्याला माझ्याकडे पाठव, कान धरून शिकवते.

अक्षर वेडंवाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. मांडीवर कागद घेऊन लिहितेय आणि खाली यंत्रं सुरू झाली की इथली जमीन हलते हे तुला ठाऊकच आहे.

मालक, म्हणजे आमचं भुशाचं पोतं, भेटायला येऊन गेले. तीन जिने चढून एवढी धाप लागली की मला वाटलं आता यांचाच दावा दाखल करावा लागतोय. मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, खोली तुझीच आहे, घाई नाही. मग जाताना खोलीभर नजर फिरवून गेले.

'बरी आहे' म्हणायचं नाही हे मात्र मला काही पटलं नाही. कोणी कशी आहेस विचारलं तर दुसरं काय म्हणतात? माझ्या आईला शेवटी दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी दारात आलेल्याला ती बरी आहे म्हणायची. तिनं ते खोटं म्हणून म्हटलं नाही. आलेल्या माणसाला बसायला जागा द्यावी तसं म्हटलं. पण तू वकील. तू म्हणशील तसं.

खालच्या मजल्यावरची खळवाली रोज डोकावते. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तिची जीभही चिकट झालीय, एकदा बोलायला लागली की सुटत नाही. त्यामुळे सोबत भरपूर आहे.

वेळेवर जेव.

तुझी मावशी

२५ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मोठ्या बाईंना भुशाचं पोतं वाचून दाखवणार होते, पण त्या फोनवर होत्या. मग टाचणीला सांगितलं. टाचणी म्हणजे आमचे जुने कारकून, शर्टाच्या कॉलरला कायम दोन टाचण्या खोचलेल्या असतात. ते म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ.

अक्षर घाईचं वाटलं मला. खरं सांग, कामाला लागलीस की काय? मला आनंदच होईल, पण डॉक्टरांना विचारलंस का? मी सुट्टी काढून येऊ का दोन दिवस? नवीन मुलीनं सुट्टी मागितली की टाचणी भुवया वर करतात, पण मी विचारीन. तू फक्त ये म्हण.

गवंड्याचं काम झालं. जाताना तो मला नमस्कार करून गेला. मी काहीच केलं नव्हतं, कागद क्रमानं लावले होते. पण मावशी, या खुर्चीत बसून लोकांसाठी काही करता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं. तू लहानपणी मला वाया गेलेले फर्मे जोडून पुस्तकं करून द्यायचीस, मधली पानं उलटी लागलेली. तशीच ही माणसं येतात, मधलं काहीतरी उलटं लागलेलं. आपण ते सरळ लावून द्यायचं.

वही लिहितेस ना?

तुझी भाची

१९ जुलै

लाडके ठमे,

मी खुशाल आहे.

तू बरोबर ओळखलंस, लागले कामाला. थोडं थोडं. सकाळी एक फर्मा, दुपारी एक. जिना रोज दोनदा चढते उतरते, गुडघा कुरकुरतो पण ऐकतो. आता बघ अक्षर कसं सरळ आलंय. हात सुधारतोय त्याचीच ही खूण.

तेव्हा सुट्टी वगैरे काढायची नाही. नवीन नोकरीत सुट्टी मागणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. आपल्या घरातून एवढं शिकून ऑफिसात बसणारी तू पहिली. तुझी खुर्ची रिकामी दिसता कामा नये. मला बघायला आलीस तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते.

वही रोज लिहिते. एक दिवस चुकवलेला नाही.

त्या दोघी मुलींना माझा आशीर्वाद सांग. नावं काय त्यांची? तू कधी लिहिली नाहीस.

तुझी मावशी

१६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

कंपनीचं उत्तर आलं आहे. त्यांनी ऑपरेशनचा खर्च नाकारला. पत्रात लिहिलंय, "सदर महिला कामावर रुजू असून दररोज जिने चढउतार करतात, असे त्यांच्याच बाजूने आम्हांस सांगण्यात आले आहे."

मावशी, मला खरं काय ते हवं आहे. तू खरंच शिवतेस का? दिवसाला किती फर्मे? उजव्या हातानं? मालकांकडून हजेरीचा कागद मागवला, तर त्यात तुझं नाव एप्रिलनंतर कुठेच नाही.

रागावलेली नाही. लवकर लिही. नऊ ऑक्टोबरला सहा महिने होतात.

तुझी भाची

२३ ऑगस्ट

वकीलबाईंना,

तुम्ही मला ओळखत नाही, मी मावशीच्या खालच्या मजल्यावर राहते आणि कारखान्यात खळीच्या टेबलावर असते. तुमचं पत्र तिनं मला दाखवलं नाही, उशीखाली ठेवलं. मी चादर बदलताना काढून वाचलं. हो, वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मलाही कळतं, तुमच्यासारखं शिकलेलं असायची गरज नाही.

एवढी शिकलीस आणि तुला समजलं कसं नाही? अहोजाहो राहू दे, मला नाही जमत. कोण शिवतंय? अपघातापासून ती जिना दोनदाच उतरलीय. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे, आणि बसून, लहान मूल उतरतं तशी एकेक पायरी. तिचं दूध, पाव, भाजी मी खालून टोपलीत घालते. ती खिडकीतून दोरी ओढते, डाव्या हातानं. मध्ये दम लागला की दोरी खिडकीच्या गजाला गुंडाळून थांबते. खालून लोक बघतात, टोपली दोन मजल्यांच्या मध्ये लटकतेय. मी खालून ओरडते, "झोप लागली का गं?" ती वरून म्हणते, "हवा खातेय टोपली."

उजव्या हातात तिच्या चमचा राहत नाही, आणि तू फर्मे विचारतेस.

आणि मी रोज डोकावते असं ती तुला लिहिते ना? मला आठवड्यातून दोनदा जमतं. बाकीचे दिवस तिच्याशी बोलायला कोणी नसतं. तू वर ये आणि तिची ती वही बघ. मी बघितली. मला दोन दिवस तिच्याशी धड बोलता आलं नाही, आणि माझं तोंड कसं चालतं ते तिनं तुला लिहिलंच असेल.

खळवाली

२६ ऑगस्ट

ठमे,

खळवालीनं लिहिलं ते कळलं. पत्र टाकून आली आणि मग मला सांगितलं. तिच्याशी मी दोन दिवस अबोला धरला होता, पण टोपली तिच्याच हातात आहे, त्यामुळे फार काळ धरता आला नाही.

तिनं लिहिलंय ते खरं आहे.

कंपनीच्या माणसाला मात्र मी काही बोललेली नाही. त्याचा फोन आला होता जूनमध्ये. कशा आहात म्हणाला. तोंडावर आलं होतं, पण गिळलं. "माझ्या वकिलांशी बोला" म्हटलं आणि ठेवला. तुझं नाव सांगताना उगाच ताठ बसले होते. तरी चूक माझीच असणार. कुठेतरी कोणापाशी बोलून गेले असेन. डॉक्टरांकडे एक बाई बाकावर शेजारी बसली होती, तिनं विचारलं होतं. ती त्यांची असेल का?

तू सुट्टी काढून येशील, मला या अवस्थेत बघशील, मग नोकरी सोडून इथेच राहीन म्हणशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून लिहिलं, कामाला लागले.

वही सोबत पाठवते आहे. तू सांगितलं होतंस तसं मी लिहिलं नाही, तेव्हा रागावू नकोस. काय जमत नाही ते रोज लिहायचं म्हणजे रोज त्याच्यापुढे बसायचं. मला ते झेपेना. मी वहीचा दुसराच उपयोग केला.

तुला हवी तर माझी पत्रंही दाखव त्यांना. फक्त मालकांना भुशाचं पोतं म्हटलंय तेवढं झाकता आलं तर बघ. खोली त्यांची आहे.

आणि एक. शेजारी दोन मैत्रिणी असलेली मुलगी रविवार आला की पत्र लिहायला बसत नाही. नावं विचारली तर तू उत्तर दिलं नाहीस. तेव्हाच कळलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही, तूही मला विचारलं नाहीस. फिटंफाट.

तुझी मावशी

५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मी खुशाल नाही. सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

बाकावरच्या त्या बाईचा काही दोष नाही. तुझाही नाही. कंपनीला मी सांगितलं.

तुझं जुलैचं पत्र आलं तो शुक्रवार होता. अक्षर सरळ, जिना दोनदा, सकाळी एक फर्मा. मला इतका आनंद झाला की पत्र घेऊन मी ऑफिसभर फिरले. मोठ्या बाई न्यायालयात होत्या. टाचणी म्हणाले, "हं." खोलीवर गेले. शेजारच्या दोघी आहेत, पण त्यांनी स्वयंपाकघरातल्या माझ्या फळीवर माझ्या खोलीचा नंबर चिकटवलाय, तेवढीच आमची ओळख. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला, कसलातरी फाइल नंबर हवा होता. नंबर दिला. मग तो म्हणाला, "आणि मावशींची तब्येत कशी आहे आता?"

तीन दिवसांत मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हणाले, "बरी आहे हो! कामाला लागली. जिनेसुद्धा चढते!" तो म्हणाला, "वा, छान झालं." मला वाटलं, किती चांगला माणूस.

तू न शिकलेली, म्हणून तुला मी पानभर समजावलं होतं. तू गिळलंस. मी ओकले.

सोळा ऑगस्टच्या पत्रात 'त्यांच्याच बाजूने' हे शब्द मी तुला उतरवून पाठवले, पण ती बाजू कोण ते लिहिलं नाही. तू दहा दिवस बाकावरच्या बाईला आठवत बसलीस. हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

तुझी वही मी ऑफिसातच उघडली. पहिल्या पानावर १२ जून. त्याखाली डाव्या हातानं काढलेल्या रेघा, मग गोल, मग अ, क, म. पुढच्या पानांवर तारखा घालून एकच वाक्य. मी खुशाल आहे. मी खुशाल आहे. पानाला वीस ओळी. जूनमध्ये वाक्य ओळीच्या खाली घसरतंय, तीन ठिकाणी कागद फाटलाय. जुलैच्या मध्यावर ते ओळीवर येतं. १९ जुलैला नीट जमलंय, आणि त्याच दिवशीचं तुझं पत्र आहे. मी ते पत्र शेजारी ठेवून बघितलं. मी त्याला सुधारलेला हात समजले होते.

मी टेबलावरच रडले. टाचणी आले, वही बघितली, कॉलरची एक टाचणी काढून पुन्हा लावली. मग हळूच म्हणाले, "कामावर रुजू असल्याची पत्रं आलीच नव्हती म्हण. टपाल आहे, हरवतं. फोनवर आपण असं बोललोच नाही म्हण. कोण विचारतंय?" त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं. तीन महिन्यांत ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. मी दिवसभर विचार केला, मावशी. खोटं सांगत नाही, दिवसभर केला. तसं म्हटलं असतं तर फाइलीवर माझं नाव राहिलं असतं. पण मग वहीही दाखवता आली नसती. वही कशासाठी लिहिली, हे त्या पत्रांशिवाय कोणाला कळणार? एक लपवलं की दुसरंही मुकं.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही शेवटपर्यंत उलटली, एकही पान गाळलं नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तू तिची वकील आहेस की भाची?"

"दोन्ही, बाई."

"दोन्ही एका फाइलीत मावत नाही. हे जे घडलं ते न्यायाधीशांसमोर कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. सांगणारी तूच. आणि जी साक्षीला उभी राहते तिला त्या दाव्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. बघ, तुझं तू ठरव. पहिली फाइल पुन्हा मिळत नाही."

मी विचारलं, वही चालेल का? त्या म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांना वह्या देतेय. बहुतेक जण मी सांगितलेलं लिहून आणतात. अशी वही पहिल्यांदा बघतेय." पण वचन दिलं नाही. वचन त्या कोणालाच देत नाहीत.

सुनावणी अठ्ठावीस सप्टेंबरला लावून घेतली आहे, ऑपरेशनच्या मुदतीला अकरा दिवस राखून. तोवर आपण एकमेकींना लिहायचं नाही. साक्षीदार आणि दावेदार काय बोलल्या, कोणी कोणाला शिकवलं, हे कंपनीचे वकील पहिलं विचारतील. बाई म्हणाल्या, एक शेवटचं लिही, आणि त्यांनी उद्या मागितलं तर लाज वाटणार नाही असं लिही. हे ते. मागू देत.

तेवीस दिवस. गेल्या तीन महिन्यांत मी ज्या माणसाशी बोलले ते माणूस म्हणजे तू, आणि तेही कागदावर. या रविवारी काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुझ्याही खिडकीत तेवीस दिवस टोपलीत पत्र येणार नाही. खळवालीला मी वेगळं लिहिलंय, दोनदा ऐवजी रोज जायला जमेल का म्हणून. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "शहाणपण शिकवू नकोस, जातेय."

तुझ्या पत्रांतलं काहीही झाकलेलं नाही. भुशाचं पोतं तसंच आहे. एक शब्द झाकला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? मालकांना मात्र मी आधी जाऊन भेटले, काल, आणि तो शब्द स्वतः वाचून दाखवला. हो, काल मी कारखान्यात आले होते. वर आले नाही. बाईंशी ठरलेलं होतं, जबाबावर सही होण्याआधी तुला भेटायचं नाही. मालक म्हणाले, "तीन जिने मला त्या दिवशी खरंच जड गेले होते. ती रोज चढायची, बावीस वर्षं." त्यांनीही आपला जबाब लिहून दिला. बाहेर पडताना मी तुझ्या खिडकीकडे बघितलं. टोपली वर चालली होती. मध्ये थांबली. मी मोजलं, चौऱ्याऐंशीपर्यंत आकडे झाले, मग ती पुन्हा हलली. तेही मी जबाबात लिहिलं आहे.

दुखणं मोजायचं कशानं ते मला अजून येत नाही. शून्य ते दहाच्या त्या कागदावर तुझा रकाना मी रिकामाच ठेवला.

फाइलीच्या पाठीवरचं माझं नाव मी स्वतः खोडलं आणि साक्षीदारांच्या यादीत लिहिलं. वही, तुझी पत्रं, माझा जबाब, सगळं आज सकाळी अकरा वाजता न्यायालयाच्या खिडकीत दिलं. सही केली आहे. पोच माझ्याकडे आहे.

तुझी भाची